सुलोचनाबाईचं शस्त्र

“मंग काऊन दाखोत नाई?” सुलोचनाबाईनं पेनड्राइव्ह काउंटरवर असा आपटला की प्रफुलच्या हातातला पेचकस खाली पडला.

प्रफुलचं वर्ध्याच्या बाजारात कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दिवाळीच्या तोंडावर तिथं पाय ठेवायला जागा नसे. कॉलेजची पोरं यायची, मास्तर यायचे, एखादा पोलीसही यायचा. पण हातात मेथीची पिशवी, डोक्यावर पदर आणि त्या पदराच्या गाठीत बांधून आणलेला पेनड्राइव्ह, असं गिऱ्हाईक त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

“हे पाहा काकू.” त्यानं पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला. “दिसते का नाई? सगळे गेम आहेत यात.”

“तुह्या कम्प्युटरले दिसते. माह्या मशीनले काऊन दिसत नाई?”

“मंग तुमचं मशीनच गेलं असन.”

“मशीन नाई गेलं. टीव्हीवर पडदा येते, अक्षरं येतात. तू देल्लं ते कार्डही त्यानं घेतलं. फक्त याले वळखत नाई. काहीच लावलं नाई म्हणते.”

“दिवाळी झाल्यावर मशीन घेऊन या, पाहू.”

“दिवाळी झाल्यावर त्याची काय आरती करू? मले धनतेरसले पाहिजे.”

प्रफुलला हसू आलं. धनतेरसला बायकांना सोनं पाहिजे असतं, नाहीतर भांडं. बंदुकीचा गेम कोणाला पाहिजे असतो? पण काकूंच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं हसू गिळलं आणि शहाण्यासारखा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. सुलोचनाबाईनं पेनड्राइव्ह परत पदराला बांधला, गाठ करकचून मारली आणि नालवाडीचा ऑटो धरला.

नालवाडीत मोठ्या रस्त्याला लागून सदाशिवराव आणि प्रभाकरराव या दोन भावांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या एका अंगाला धाकट्याचं घर, दुसऱ्या अंगाला थोरल्याचं. सुलोचनाबाई ही थोरल्याची, म्हणजे सदाशिवरावांची बायको. मूलबाळ झालं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या समोरच्या खोलीच्या भिंतीपलीकडं दिवसभर भांडी वाजत होती, आणि त्या आवाजावर तिचा संसार झाला होता.

भांडं घेणारी बाई ते डोळ्यांनी घेत नाही, कानांनी घेते. पाणी भरायचा गुंड असो, घागर असो, हातात तोलून धरायची आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर कुठंतरी चीर आहे, मग दुकानदार कितीही शपथा घेवो. सदाशिवरावांचा कान तर असा तयार होता की दुपारी घरी जेवायला बसले तरी भिंतीपलीकडचा आवाज ऐकून म्हणायचे, “परभ्या तो चीर बुजोलेला गुंड दाखोते तिले. घेत नाई आता ती बाई.” आणि बाई घेत नसे.

मागल्या वर्षी ऐन धनतेरसच्या सकाळी सदाशिवराव गेले. दम्यानं बरेच दिवस घरीच होते. दुपारी तिरडी निघाली.

रस्त्यावरची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेत दारावरून जाऊ लागलं की दुकानदार शटर अर्धं खाली ओढतो, हात जोडून बाजूला उभा राहतो, आणि प्रेत पुढं गेलं की शटर वर करतो. मेलेला ओळखीचा असायलाच पाहिजे असं नाही. त्या दिवशी किराण्यावाल्यानं शटर ओढलं, सायकलवाल्यानं ओढलं. पानठेल्याला शटर नव्हतं तर त्यानं समोर फळी उभी केली. वर राहिलं ते एकाच दुकानाचं, आणि ते भांड्यांचं. प्रभाकरराव तिरडीला खांदा देऊन पुढं चालले होते. दुकानात नोकर होते आणि धनतेरसचं गिऱ्हाईक होतं.

बायका घाटावर जात नाहीत, म्हणून सुलोचनाबाई दारात उभी होती. ज्या गादीवर तिच्या नवऱ्यानं जन्म काढला त्या गादीसमोरून तिरडी जात होती, आणि त्याच वेळी आतून आवाज आला. टण्. थोडं थांबून परत टण्. कोणी बाई घागर पाहत होती.

संध्याकाळी प्रभाकरराव घाटावरून आले, आंघोळ केली आणि गल्ल्यावर बसले.

सुलोचनाबाई बोलली नाही. तेरवीच्या पंगतीत चार लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा, काही कमी पडू दिलं नाही. तिनं ते ऐकून घेतलं. वर्षश्राद्धाची वेळ आली तेव्हा प्रभाकररावांनी भटजींना विचारून ते दसऱ्याआधीच उरकून घेतलं. “दिवाळी मोकळी पाहिजे, वैनी,” असं म्हणाले. तिनं मान हलवली. आपल्याकडं बाईनं मान हलवली की विषय संपला असं समजतात, आणि तिथंच फसतात.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. ते शटर खाली यायला पाहिजे. प्रभाकररावांच्या हातानं, भर धनतेरसला, गिऱ्हाईक दारात असताना.

कसं, ते मात्र सुचत नव्हतं. ते उन्हाळ्यात सुचलं. तिच्या बहिणीचा मुलगा हेमराज नागपूरला व्हिडिओ गेमचं पार्लर चालवत होता. त्याला पुण्याला नोकरी लागली, आणि मशीन, टीव्ही, मोठे स्पीकर काही दिवस मावशीकडं ठेवावेत म्हणून तो घेऊन आला. मावशीची करमणूक व्हावी म्हणून त्यानं समोरच्या खोलीत एक बंदुकीचा गेम लावून दाखवला. पहिलीच फैर झडली आणि भिंतीपलीकडं कोणाच्या तरी हातून परात पडली.

सुलोचनाबाईनं विचारलं, “याच्याहून मोठा आवाज होते का?”

पंधरवड्यात नालवाडीच्या पोरांसाठी पार्लर सुरू झालं. शेजारपाजारच्या बायकांना वाटलं होतं की सुलोचनाबाई पापड करील, फार तर शिवणाचा क्लास काढील. निघालं ते हे. तिनं स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवले, तोंड भिंतीकडं. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण आवाजातलं चांगलं कळे. एखादा पोरगा बुद्धिबळ लावू लागला की ती म्हणे, “हे मुकं इथं नाई चालत. फटाफटी लाव, नाईतर घरी जाय.” असं गिऱ्हाईक हाकलणारं पार्लर अख्ख्या विदर्भात दुसरं नसेल.

आणि मार बरोबर वर्मी बसला. भिंतीपलीकडं बाई घागर उचलायची, टिचकी मारायची आणि नेमकी तेव्हाच इकडं तोफ उडायची. बाई पुन्हा टिचकी मारायची, घागर कानाशी न्यायची, इकडं गाडी पुलावरून कोसळायची. घागर बद्द वाजते की खणखणीत, काही कळायचं नाही. मग बाई म्हणायची, पाहू, बाजारात एक चक्कर टाकून येतो. सुलोचनाबाई खिडकीच्या पडद्याआडून तिच्या पाठीकडं पाहायची आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

प्रभाकरराव मात्र शब्दानं बोलले नाहीत. रस्त्यात भेटले तर “बरं आहे ना वैनी?” एवढं विचारून पुढं जायचे. यानं ती जास्तच पेटली. भांडायला आले असते तर तिचं अर्धं काम झालं असतं.

दसऱ्याला तिनं मशीनची पूजा मांडली. दसऱ्याला शस्त्रं पूजतात, आणि तिचं शस्त्र हेच होतं. भिंतीपलीकडं प्रभाकररावांनी तराजूला हळदकुंकू वाहिलं असेल, त्याच्या दुप्पट तिनं मशीनला वाहिलं. झेंडूची माळ घातली. अक्षता मुठीनं उधळल्या. “एक डाव धनतेरस पार पाड रे बाप्पा,” असं हात जोडून म्हणाली. विधवेनं कुंकवाला कायले हात लावला, असं त्या वेळी कोणी म्हणालं असतं तर तिनं त्याचीही पूजा बांधली असती.

दुसऱ्या दिवशी मशीन सीडी वाचेना. आर्वीहून येणाऱ्या एका मेकॅनिकनं उघडून पाहिलं आणि लेन्स गेली म्हणाला. आत लाल-लाल काय आहे म्हणून त्यानं विचारलं, तिनं सांगितलं नाही. नवी लेन्स दिवाळीआधी मिळणार नव्हती. तिनं हेमराजला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, सीडीबिना चालते. एक कार्ड येते ते समोर लावाचं, अन् गेम पेनड्राइव्हमधी भरून घ्याचे. कोणत्याही कम्प्युटरवाल्याले सांगजो.” म्हणून प्रफुल. आणि प्रफुलनं सगळं भरून दिलं तरी मशीन पेनड्राइव्हला ओळख दाखवायला तयार नव्हतं, एखादी श्रीमंत नणंद लग्नात दाखवत नाही तसं.

ऑटोतून उतरून ती घरात आली. खोली शांत होती. टीव्हीवर कापड झाकलेलं होतं. भिंतीपलीकडून आवाज येत होता. टण्. टण्. दिवाळीचा माल लागला होता, आणि प्रत्येक भांडं असं स्वच्छ वाजत होतं की सदाशिवराव असते तर ताटावरून म्हणाले असते, हे गेलं, हेही गेलं. ती मेथीची पिशवी हातात धरून तशीच खाटेवर बसून राहिली. त्या आवाजानं तिच्या डोक्यात घण पडत होते. धनतेरस अशीच गेली तर आणखी वर्षभर हे ऐकायचं, या विचारानं तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

“मोठ्याई, आहेस का?”

दारात रक्षा उभी होती. प्रभाकररावांची एकुलती एक पोर. कॉलेजात कॉम्प्युटरचंच शिकत होती, खांद्याला लॅपटॉपची बॅग होती. लहानपणी ती जेवायची सुलोचनाबाईच्या मांडीवर आणि झोपायचीही तिथंच. वर्षभरात मात्र तिचं येणं कमी झालं होतं, कारण सुलोचनाबाई तिला ये म्हणत नव्हती आणि जा म्हणत नव्हती.

“मशीन बंद पडलं म्हणे तुह्यं. मी पाहू का?”

सुलोचनाबाईनं डोळे पुसले आणि पोरीकडं नीट पाहिलं. शत्रूच्या घरची. पण हात शिकलेले. आणि बापावर सोडायचा बाण त्याच्याच पोरीनं भात्यात भरून दिला तर त्याहून गोड काय असतं? हा विचार मनात आला आणि तिचं रडू जागच्या जागी वाळलं.

“पाह्य बाई. बस. चहा ठेवतो.”

रक्षानं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि थोड्या वेळानं म्हणाली, “यानं नवीन पद्धतीनं फॉरमॅट केला, मोठ्याई. कम्प्युटरले ते समजते. तुह्यं मशीन जुनं आहे, त्याले जुनीच पद्धत समजते. फॅट थर्टीटू म्हणतात तिले.”

“मंग जुनी कर.”

“जुनी केली का एवढी मोठी फाइल मावत नाई. तुकडे करून भरा लागन.”

“कर ना तुकडे. तुकडे कराच्या कामाले मी कशाले नाई म्हणीन?”

तुकडे करून भरेपर्यंत दोनदा चहा झाला. रक्षानं पेनड्राइव्ह मशीनला लावला. टीव्ही लागला, पडदा आला, अक्षरं आली, आणि तीच पहिली ओळ. काही लावलेलं नाही. रक्षानं पेनड्राइव्ह काढून परत लावला. मग शेजारच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहिला. सुलोचनाबाई तिच्या मागं उभी होती.

“पुरा आतच जाऊन नाई राह्यला,” रक्षा पुटपुटली. “प्लग काढ बरं आधी.” तिनं मोबाइलचा उजेड खाचेत धरला, डोळा लावला आणि एकदम मागं सरकली. “मोठ्याई! आत तांदूळ आहे!”

“काय आहे?”

“तांदूळ! लाल तांदूळ. अन् या दुसऱ्या खाचेत हळद बसली गच्च. तू मशीनले अक्षता वाहिल्या?”

सुलोचनाबाईनं वाकून खाचेत पाहिलं. शस्त्राची पूजा अशी मनापासून केली होती की शस्त्राच्याच घशात अडकली.

“दसऱ्याले सगळ्याइले वाहतात,” ती म्हणाली. “तुहा बाप तराजूले वाहत नाई का?”

“तराजूले छेद नसते ना पण!” रक्षा पोट धरून हसत सुटली. हसता हसताच तिनं सुई मागितली आणि तो दाणा अलगद कोरून काढला. कुंकवानं रंगलेला, एवढासा. जुन्या दात घासायच्या ब्रशनं तिनं हळद झाडली. पेनड्राइव्ह आत गेला, कट्ट झालं, आणि पडद्यावर गेमची नावं एकाखाली एक उमटली.

मशीननं ओळख दिली होती. सुलोचनाबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “आवाज मोठा कर,” ती म्हणाली.

जाताना रक्षा उंबऱ्यात थांबली. “मोठ्याई, तुले खरंच आवडते का हा आवाज?”

“लय आवडते.”

धनतेरसचा दिवस उजाडला. प्रभाकररावांनी दुकानाबाहेर मांडव घातला होता, घागरी एकीवर एक चढवून रस्त्यापर्यंत आणल्या होत्या. सुलोचनाबाईनं सकाळीच पोरांना बोलावणं धाडलं. आज खेळाला पैसे नाहीत, फक्त सगळ्यात मोठ्या आवाजाचा गेम. पोरं धावत आली. दुपारपर्यंत त्या खोलीत दोन महायुद्धं झाली असतील. घराच्या खिडक्या थरथरत होत्या, देवघरातली घंटी आपोआप हलत होती, आणि पलीकडं बायका भांडी उचलत होत्या, वाजवत होत्या, माना हलवत होत्या आणि खाली ठेवत होत्या. एक तरणी बाई चांगला पितळी गुंड कानाशी धरून किती वेळ उभी होती. मग तिनं तो ठेवला आणि नवऱ्याला घेऊन ऑटोत बसली. सुलोचनाबाईला वर्षभरात जो आनंद झाला नव्हता तो त्या एका ऑटोच्या पाठीकडं पाहून झाला. कोणी पाप म्हणो. तिला झाला.

दिवेलागणीला, गिऱ्हाइकांची खरी झुंबड उडते त्या वेळी, प्रभाकरराव दारात आले. चपला बाहेर काढल्या. त्यांचे ओठ हलताना दिसले, पण तोफांपुढं काही ऐकू येईना. आणि आता सुलोचनाबाईची पंचाईत झाली. हा माणूस काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं, आणि तिचा एकेक शब्द त्याच्या कानात शिरायला पाहिजे होता. तिनं पोरांना बाहेर काढलं आणि स्वतःच्या हातानं प्लग ओढला.

“हं. बोला आता, भाऊजी.”

“काही नाई, वैनी. आजच्यापुरता आवाज जरा कमी करता आला तर... बाया भांडं वाजोतात, आइकू येत नाई. दिवसभर गिऱ्हाईक वापस चाललं.”

हेच वाक्य. याच्यासाठी तिनं उन्हाळा काढला होता, पावसाळा काढला होता.

“मांगच्या धनतेरसले बरं आइकू येत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“टण् टण्. तुमचे भाऊ चौघाइच्या खांद्यावर दुकानापुढून चालले होते, अन् तुमच्या दुकानात बाई घागर वाजोत होती. तवा आइकू येत होतं ना? मले तर आलं.”

प्रभाकरराव तिच्याकडं पाहत राहिले. ते चिडले नाहीत. ओशाळलेही नाहीत. कपाळाला आठ्या घालून ते आठवत होते, आणि आठवत नव्हतं. वर्षभर जी गोष्ट ती उशाशी घेऊन झोपली होती ती या माणसाच्या डोक्यात नव्हतीच. तिनं त्याच्या सगळ्या उत्तरांची तयारी केली होती, फक्त या एका उत्तराची केली नव्हती.

“दुकान उघडं होतं त्या टाइमले?” त्यांनी विचारलं.

“मले विचारता? किराण्यावाल्यानं शटर ओढलं. सायकलवाल्यानं ओढलं. पानठेल्यावाल्याले शटर नाई, त्यानं फळी लावली. परकी लोकं ते. अन् सख्ख्या भावाचं शटर वर!”

“नोकराइले सांगाचं सुचलं नाई, वैनी. माह्या खांद्यावर दादा होते. मी खाली पाहूनच चाललो होतो.”

“अन् संध्याकाळी आंघोळ करून गल्ल्यावर बसले, तेही खाली पाहूनच का?”

“गिऱ्हाईक होतं दारात,” ते म्हणाले. खोटं बोलता आलं असतं, पण बोलले नाहीत. त्यांनी मशीनकडं पाहिलं, भिंतीकडं तोंड केलेल्या स्पीकरकडं पाहिलं. “म्हणून हे?”

“म्हणूनच हे.”

“मले वाटलं तुमचं मन रमते यात. पोट्टे येतात-जातात, घर भरल्यासारखं राह्यते. लोकं म्हणत, वैनीले बंद कराले सांगा. मी म्हणलं, राहू द्या, एकटं माणूस आहे. बंद पडलं तवा चैन पडलं नाई मले, रक्षाले म्हणलं जाय, मोठ्याईचं करून दे.”

“तुमी धाडलं तिले?”

“हो.”

सुलोचनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. उन्हाळ्यापासून नेम धरून मारलेला एकेक बार या माणसानं विधवा वहिनीचं खेळणं समजून पोटात घातला होता. वर खेळणं मोडलं तर दुरुस्तही करून दिलं होतं. शिवी दिली असती तरी चालली असती. ही कीव चालणार नव्हती. आणि पोरं आल्यानं घर भरल्यासारखं वाटायचं हे खरंच होतं, ते यानं ओळखावं याचा तर जास्तच संताप आला.

“तुमची कीव तुमच्या गल्ल्यात ठेवा, भाऊजी,” ती म्हणाली. “मले नाई पाहिजे. मले शटर पाहिजे. त्याइच्या वाटचं होतं ते. आज, आता, भर गिऱ्हाइकात.”

प्रभाकररावांनी मान हलवली. चपला घालून निघून गेले. ती म्हणाली मनात, गेला, आता हा बसेल गल्ल्यावर. व्यापारी माणूस. धनतेरसच्या संध्याकाळी हातातलं गिऱ्हाईक सोडणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे.

तेवढ्यात शटर करकरलं.

ती दारात आली. प्रभाकरराव आकडी घेऊन स्वतः शटर ओढत होते. नोकर “शेटजी, काय झालं?” म्हणत मागं धावत होते, बायका हातातली भांडी घेऊन वाकून बाहेर पडत होत्या. शटर अर्ध्यावर आलं आणि थांबलं. प्रभाकररावांनी आकडी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि हात जोडून दुकानाच्या बाजूला उभे राहिले. रस्त्यावर तिरडी नव्हती. सायकली होत्या, ऑटो होते, आकाशकंदील घेऊन चाललेली माणसं होती.

समोरच्या किराण्यावाल्यानं ते पाहिलं. काय, कोण, काही न विचारता त्यानं आपलं शटर अर्धं ओढलं. त्याचं पाहून सायकलवाल्यानं ओढलं. पानठेल्यावाल्यानं गाणं बंद करून फळी उभी केली. ऐन धनतेरसच्या संध्याकाळी नालवाडीचा रस्ता अर्धा मिटला, आणि माणसं चालता चालता हळू झाली. कुठंच भांडं वाजत नव्हतं.

सुलोचनाबाईनं प्रभाकररावांना माफ केलं नव्हतं. पुढंही करील असं नाही. पण उंबऱ्यावर उभ्या-उभ्या तिनं दाराची चौकट धरली. वर्षभर ती एवढी रागात होती की नवऱ्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं.

दुकानातून बाहेर पडलेली एक खेड्यावरची बाई तिच्या दारापाशी थांबली. हातात पिशवी होती, चेहऱ्यावर काळजी होती.

“कोण गेलं वो, बाई?” तिनं हळूच विचारलं.

“आमचे मालक,” सुलोचनाबाई म्हणाली.

त्या बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला.